नाडी अठ्ठ्याहत्तर

काळपुळी दुखत नाही. पुढे शिकवायला लागल्यावर हे वाक्य मी इतक्या वेळा सांगितलं की पोरं माझी नक्कल करताना हेच म्हणायची. साधं गळू ठणकतं, झोपू देत नाही, म्हणून माणूस दवाखान्याची पायरी चढतो. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्सची पुळी, मधोमध कोळशासारखी काळी पडते, भोवती पाणफोडांचं कडं येतं, सूज अवाच्या सवा चढते, आणि दुखत मात्र नाही. तेव्हा पुळीकडे पाहत बसू नका, माणसाकडे पाहा, असं मी सांगायचो. नाडी तापाच्या मानाने फार पळते आहे का? हात गार आणि ओलसर आहेत का? उलटी झाली का? श्वास भराभर चालला आहे का, सूज गळ्यावरून छातीकडे उतरते आहे का, आवाज घोगरा झाला का, माणूस एकदम गप्प बसला आहे किंवा भलतंच बोलतो आहे का? यातलं एक जरी दिसलं तरी उद्यावर टाकू नका. पोरं भराभर लिहून घ्यायची. सरांचा अभ्यास दांडगा आहे असं त्यांना वाटायचं, आणि मी ते तसं वाटू द्यायचो.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी पंचविशीचा, डॉक्टर होऊन जेमतेम दीड वर्ष. इतवारीतून लकडगंजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना होता, तिथे मला नोकरी लागली होती. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे एका खोलीत म्हातारा कंपाउंडर राहायचा. तो औषधं बांधायचा, जखमा धुवायचा, पट्ट्या करायचा. रोगी मुख्यतः हमाल, विणकर, लाकडाच्या वखारींतले मजूर. सकाळी अशी गर्दी व्हायची की मान वर करायला फुरसत नसे.

प्रत्येक रोग्याचा एक छापील कागद असायचा आणि तो रोग्याकडेच राहायचा. वर ताप, नाडी, श्वास असे तीन रकाने. ते रकाने आम्ही मोजून भरायचो असं मी म्हणालो तर ते खोटं ठरेल. ज्याच्याकडे पाहून काळजी वाटे त्याची नाडी पाहायची, बाकीच्यांचे आकडे असेच टाकायचे. माझ्या आधीचे डॉक्टर सगळ्यांना बहात्तर लिहीत. मला ते फार पुस्तकी वाटायचं. शंभर माणसांची नाडी बहात्तर कशी असेल? म्हणून मी अठ्ठ्याहत्तर लिहायचो. खोटंच लिहायचं तर निदान खरं वाटेल असं लिहावं, एवढी अक्कल मला होती, आणि त्या अकलेचं मला कौतुकही होतं.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. वडील गेल्यापासून पूजेला मी बसायचो. दुसऱ्या दिवशी जेवण, म्हणजे घरातला वर्षातला सगळ्यात मोठा स्वयंपाक. पुरण, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या. महाल नावाच्या जुन्या वस्तीत आम्ही भाड्याच्या तीन खोल्यांत राहायचो, आणि त्या दिवशी त्या तीन खोल्यांत तीस माणसं जेवायची. त्या वर्षी दवाखान्यातले माझ्या वरचे मोठे डॉक्टर रजेवर होते, त्यामुळे जेवणाच्या दिवशीही सकाळचे दोन-तीन तास मला दवाखाना उघडणं भाग होतं. आईला ते पसंत नव्हतं. मी सायकल काढत होतो तेव्हा ती पीठ लागलेल्या हातांनीच दारात आली.

"हे बघ, तू डॉक्टर आहेस, तुला नाही म्हणता येत नाही, ते समजते मला. पण आज चामड्याबिमड्याच्या माणसाला शिवून येऊ नको बाप्पा. मग डोक्यावरून पाणी घ्यावं लागेल, अन् नळ तर साडेनऊलाच जातो. भरलेलं पाणी सगळं स्वयंपाकाचं आहे."

मी हो म्हणालो. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर वाचणाऱ्याला वाटेल, बिचारा जुन्या वळणाचा होता. तसा मी नव्हतो. कॉलेजात असताना शिवाशिवीविरुद्ध भाषण ठोकून मी पहिलं बक्षीस मिळवलं होतं. सोवळ्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. विश्वास असता तर निदान तो एक आधार झाला असता. मला फक्त दुसऱ्यांदा अंघोळीची कटकट नको होती, ताटकळलेली पंगत नको होती आणि आईचं उतरलेलं तोंड पाहायचं नव्हतं.

तो साडेदहाच्या सुमाराला आला, बायकोबरोबर. तो पडवीत येण्याआधी वास आला. लकडगंजाच्या पलीकडे कातड्यांचं एक गोदाम होतं, तिथल्या हमालांना तो मीठ आणि जुन्या चरबीचा वास कायमचा चिकटलेला असायचा. सुकलेल्या कातड्यांच्या थप्प्या ते खांद्यावरून, मानेवरून वाहायचे. तो बाकावर बसला नाही. पायरीवरच बसला, भिंतीला डोकं टेकून. चाळिशीचा असेल. मी टेबलामागून उठलो आणि उंबऱ्यापर्यंत आलो. तिथेच थांबलो.

"काय झालं?" मी विचारलं. त्याने मान वळवून दाखवलं. उजव्या बाजूला, कानाच्या खाली, रुपयाएवढी काळी खपली होती, आणि त्या बाजूचा सगळा गळा सुजला होता. उंबऱ्यावरून एवढंच दिसत होतं. मी म्हणालो, "किती दिवस झाले रे?" 

"पाच रोज झाले जी. आधी मच्छर चावल्यावानी होतं."

"दुखतं?"

"नाही जी. काहीच दुखत नाही."

"मग घाबरायचं कारण नाही," मी म्हणालो. 

शेवटच्या परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता. कातड्यांचं काम करणारा माणूस, मानेवर काळी खपली, वेदना नाही. मी धडाधडा उत्तर दिलं होतं आणि परीक्षकांनी मान डोलावली होती. तेच उत्तर माझ्यापासून चार हातांवर बसलं होतं आणि मी त्याला सांगत होतो, दुखत नाही ना, मग बरंच आहे.

त्याची बायको मात्र खरी डॉक्टर निघाली. ती पुढे झाली आणि म्हणाली, "दुखत नाही म्हणूनच मले भेव लागून राहिलं, डॉक्टरसाहेब. एवढं सुजलं अन् दुखत काहून नाही? पहाटे उलटी झाली यायले. अन् पाहा ना कसे बसून राहिले. यायले चूप बसता येत नाही कधी, अन् सकाळपासून एक बोल नाही."

मी कंपाउंडरला हाक मारून जखम धुवायला सांगितलं. त्याने पायरीवर बसून खपलीभोवती औषध लावलं, पट्टी बांधली. बांधताना रोग्याचा हात त्याच्या हातात आला असावा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, हात गार लागून राहिले याचे. घाम भी आहे. पाहता का जरा?"

"हवा पावसाळी आहे," मी म्हणालो.

तेव्हा तो रोगी पहिल्यांदा आपणहून बोलला. त्याला बोलायला त्रास होत होता, आवाज घशात अडकल्यासारखा येत होता. मी उंबऱ्यावर का थांबलो आहे हे त्याला कळलं होतं. अशा गोष्टी अशा माणसांना आपल्याआधी कळतात. तो म्हणाला, "कोष्टी हाय जी आम्ही जातीनं. माग बंद पडला, तवापासून गोदामात जाऊन राहिलो. पोटासाठी."

त्याने मला परवानगी दिली होती. मी विणकर आहे, मला हात लावला तर चालेल, असं एक आजारी माणूस पायरीवर बसून मला पटवून देत होता. हे आठवलं की माझी मान आजही खाली जाते. आणि त्यावरही मला पुढे जे वाटत राहिलं ते आणखी वाईट: अरेरे, तो तर कोष्टी होता. म्हणजे दुसऱ्या जातीचा असता तर मला कमी लागलं असतं की काय? पहिलं बक्षीस मिळवणारा वक्ता तो हाच.

बायको पुन्हा म्हणाली, "हात पाहून घ्या ना जी एकडाव."

"पाहिलं मी," मी म्हणालो. "दिसतं मला इथून."

मग मी टेबलाशी जाऊन कागद लिहिला. गळू, मान, उजवी बाजू. मलम, गोळ्या, उद्या दाखवणे. ताप नाही. नाडी ७८. श्वास १८. अक्षर माझं चांगलं होतं. कागद मी कंपाउंडरच्या हातात दिला आणि त्याने तिच्या हातात दिला. त्या माणसाला मी शेवटपर्यंत अरे-तुरेच करत होतो, तो माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठा होता.

घरी गेलो तेव्हा आईने दारातच विचारलं, "शिवला नाहीस ना कुणाला?" मी नाही म्हणालो. आईशी खोटं बोलणं मला जमलं असतं. त्याची नाडी पाहून येऊन तिला नाही म्हणालो असतो तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण आईशी मी खरं बोललो आणि खोटं कागदावर लिहून आलो. पाय धुतले, सोवळं नेसलो, पूजेला बसलो. पंगती बसल्या. सगळ्यांनी पुरणाची तारीफ केली आणि मी नेहमीसारखा यथेच्छ जेवलो.

जेवणं झाल्यावर सुपारी कातरत सगळे बसले होते. डॉक्टर घरात असला की पाहुण्यांना आपापली दुखणी आठवतात. आईचे एक मावसभाऊ सदऱ्याची कॉलर खाली ओढून म्हणाले, "अरे, हे बघ रे जरा मानेवर काय झालं." मी उठलो, त्यांच्यामागे उभा राहिलो आणि बोटांनी चाचपून पाहिलं. साधं गळू होतं. नुसतं बोट लागताच ते ओरडले, "हळू रे, जीव जाते माझा."

माझं बोट तिथेच राहिलं. मामांच्या मानेवर हात ठेवून मी उभा होतो आणि मला एकेक गोष्ट ओळीने आठवायला लागली. कातड्याचं गोदाम, काळी खपली, सुजलेला गळा. दुखत नाही. उलटी झाली. बोलत नाही. हात गार आहेत. सगळं मला सांगितलं होतं, तीन माणसांनी, स्वच्छ शब्दांत. मला फक्त हात पुढे करून एक मनगट धरायचं होतं. मामा म्हणाले, "काय रे, फार वाईट आहे का?" मी नाही म्हणालो आणि सोवळं सोडून सायकल काढली. आई मागून काहीतरी विचारत होती.

दवाखान्यात कंपाउंडर आपल्या खोलीसमोर बसला होता. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "एक वाजता परत आली होती ती बाई. त्याचा गळा खूप चढला होता. श्वास नव्हता घेता येत. तुमाले विचारलं तिनं. मी म्हटलं, साहेबाकडे महालक्ष्म्या हायेत आज. मंग मीच रिक्षात बसवून मोठ्या दवाखान्यात पाठवलं."

मोठ्या दवाखान्यात तो मला वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर सापडला. त्याची हनुवटी आणि गळा यांच्यातली रेघ गेली होती, सूज छातीपर्यंत उतरली होती. श्वासाचा आवाज दारातूनच ऐकू येत होता. पेनिसिलिन सुरू केलं होतं. मी त्याचा हात हातात घेतला, दिवसात पहिल्यांदा. तो ओल्या फडक्यासारखा गार होता. नाडी बोटाला लागते न लागते अशी, मोजताना चुकावं इतकी पळत होती. त्याचे पाय खाटेवर एकाआड एक खालीवर होत होते. मला वाटलं झटके आहेत. बायको म्हणाली, "माग चालवून राहिले." तिला तो ओळखत नव्हता.

तिथला डॉक्टर माझ्याच वयाचा होता, हुशार होता. त्याने पाहताक्षणी रोग ओळखला होता. पण त्याच्यापर्यंत पोचायलाच त्यांना तास लागला होता. दारावरच्या माणसाने त्यांचा कागद वाचला होता. ताप नाही, नाडी अठ्ठ्याहत्तर, डॉक्टरच्या हातचं स्वच्छ अक्षर. त्याने त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि आधी इतरांना आत सोडलं.

"कागद तुमचाच ना?" त्या डॉक्टरने मला विचारलं. "साडेदहाला खरंच अठ्ठ्याहत्तर होती?"

बायको खाटेच्या पलीकडे उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. तेव्हा मला एक शब्द बोलता आला असता. तो बोलून रोग्याचा काही फायदा झाला नसता, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा समजावलं. मी म्हणालो, "हो."

"मग फारच झपाट्यानं चढलं हे," तो म्हणाला आणि त्याने तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आमच्या घरी तेव्हा महालक्ष्म्यांचं विसर्जन चाललं होतं. सकाळीच पेनिसिलिन दिलं असतं तर तो वाचला असता का? मला माहीत नाही. कदाचित नसता. विष अंगात भिनल्यावर औषधही हात टेकतं, हे मी पुढे पुष्कळ वेळा पाहिलं. पण ही सूट मी घेत नाही. पेनिसिलिनच्या कुप्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या, किल्ली माझ्या खिशात होती, आणि तो माझ्या समोर होता.

कंपाउंडर मला कधी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक रोग्याची नाडी घड्याळ लावून मोजायला लागलो. तो ते पाहायचा आणि पट्ट्या गुंडाळत राहायचा. त्याने एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. घरी आईला मी सांगितलं की एक रोगी गेला. ती म्हणाली, "आपल्या हातात काय असते रे." मी तिच्यावर इतका चिडलो की दोन दिवस धड बोललो नाही. तिला शेवटपर्यंत कळलं नाही मी का चिडलो ते. तिच्यावर चिडणं सोपं होतं म्हणून मी चिडलो होतो.

तीन-चार आठवड्यांनी त्याची बायको दवाखान्यात आली. मी तिला फाटकातून येताना पाहिलं. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर बोलणार. खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. कुणीतरी एकदाचं बोलावं असं झालं होतं. पडवी भरलेली होती. ती रांगेत थांबली, आपली पाळी येईपर्यंत. मग टेबलासमोर आली आणि पदराच्या गाठीतून चौपदरी घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. माझं अक्षर मी लगेच ओळखलं.

"डॉक्टरसाहेब, माह्याकडून चूक झाली," ती म्हणाली.

मला काही समजेना.

"मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली, का डॉक्टरनं हात नाही लावला म्हणून माहा माणूस गेला. जो भेटन त्याले सांगितलं. मले लिहिता-वाचता नाही येत जी. मंग आमच्या गल्लीतल्या मास्तरनं हा कागद वाचला. ते म्हणे, काय बाई, खोटं काहून बोलतं, यात तर नाडी लिहून हाय, मोजल्याबिगर कोणी लिहिते का? म्हणजे तुमी पाहिली असन. माहंच ध्यान ठिकाणावर नव्हतं. मी आता साऱ्याइले सांगितलं, का मी खोटं बोलली. मले माफी द्या जी."

मागे कंपाउंडरचा बाटल्यांचा आवाज थांबला. पडवीतली माणसं ऐकत होती. तिने जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते खरं होतं, आणि ते तिने माझ्या अक्षरासाठी टाकून दिलं होतं.

"असू द्या बाई," मी म्हणालो. "अशा वेळी होतं माणसाचं."

ती टेबलाला वळसा घालून आली, वाकली आणि तिने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.